खात्यावर आलेले सहा हजार

फेब्रुवारी २०२४ ची अखेर. चांदवड तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात दुपारच्या वेळी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. आत औषधांचा तो डोक्यात चढणारा वास, दारात खताच्या गोण्यांची थप्पी, आणि रस्त्यापलीकडे लाल कांद्याने भरलेली एक ट्रॉली, बाजार समितीकडे निघालेली पण सकाळच्या लिलावाचा भाव ऐकून थबकलेली. काउंटरपाशी उभ्या असलेल्या साठीतल्या एका बाबांचा फोन वाजला, आणि पाठोपाठ पुन्हा वाजला. यवतमाळला पंतप्रधानांचा कार्यक्रम झाला होता. केंद्राच्या पीएम किसान योजनेचा सोळावा हप्ता आणि त्याच्या जोडीला राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा दुसरा आणि तिसरा, असे सगळे एकदमच सुटले होते. दोन, दोन आणि दोन हजार. दुकानदाराने हसत विचारलं, "आले का बाबा सरकारचे?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला, आकडा वाचला आणि म्हणाले, "आले. पन सरकारचे कशाचे? आमचेच हायेत. कांद्यातून कापले, त्यातले थोडे धाडले माघारी." आवाजात राग नव्हता, कुरकुरही नव्हती. पाऊस किती झाला हे सांगावं तसं सांगितलं आणि मागच्या बाकीत चार हजार जमा धर म्हणून ते बाहेर पडले.

शेतकऱ्याला या थेट मदतीविषयी काय वाटतं, असा विषय निघाला की एरवी दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. व्यासपीठावरून सांगितलं जातं की बळीराजा समाधानी आहे. शहरातल्या नातेवाइकांच्या गप्पांतून ऐकू येतं की यांना आता फुकटची सवय लागली. बाबांच्या त्या एका वाक्यात आभार नव्हते, लाजही नव्हती. तिथे एक हिशेब होता, आणि तो खरा आहे का, हे तपासून बघावं असं मला तेव्हापासून वाटत राहिलं. कारण तो खरा असेल, तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. कापलेलं माघारी आलं असेल, तर ज्याचं कापलं त्याच्याकडेच आलं का?

हिशेब करायला कागदसुद्धा लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण वीस ते पंचवीस क्विंटल कांदा बसतो. म्हणजे क्विंटलमागे शंभर रुपयांनी भाव उतरला की त्या एका खेपेत एक हप्ता गेला. आता त्या हंगामाकडे बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं. त्यानंतर ७ डिसेंबरच्या रात्री थेट निर्यातबंदीचा आदेश निघाला. आदल्या दिवसांत लासलगावला सरासरी साडेतीन-चार हजारांच्या आसपास फिरणारा भाव काही आठवड्यांत निम्म्याच्याही खाली आला. क्विंटलमागे दीड हजारच तुटले असं धरू. वीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे तीस हजार रुपये होतात. पीएम किसानचे पंधरा हप्ते, म्हणजे पाच वर्षांचं पीएम किसान, एका खेपेत. एका एकरात अशा तीन-चार ट्रॉल्या निघतात. आणि बंदीची वेळ अशी, की बाजारात लाल कांदा यायला लागला होता. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत टाकून चार महिने वाट पाहता आली असती. लाल कांद्याचं तसं नाही. त्याची पत्ती सुटते, त्याला कोंब येतात, काढल्यापासून पंधरा-वीस दिवसांत तो विकावाच लागतो, भाव कसाही असो. बंदी उठली ४ मे २०२४ ला. तोवर लाल कांदा संपून गेला होता.

त्या सहा हजारांची बाबांच्या मनातली जागा ही अशी आहे. पंचाहत्तर-ऐंशी क्विंटल माल विकलेल्या माणसाचे लाखभर रुपये आदेशाच्या एका कागदावर गेले, आणि त्यातले सहा हजार एका कार्यक्रमात परत आले.

चांदवडच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, तेव्हा बाबांच्या वयाची माणसं विशीत होती. चांदवडलाच १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा या भागातल्या भिंतींवर चुन्याने लिहिलेली होती. संघटनेचे नेते शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणत, ती गोष्ट सोपी होती. सरकार खतावर, विजेवर काही सूट देतं, पण निर्यात अडवून आणि आयात सोडून भाव असा खाली ठेवतं की दिलेल्या सुटीपेक्षा घेतलेलं जास्त होतं. त्या काळी हे आंदोलकांचं म्हणणं म्हणून बाजूला सारता येत होतं. २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी भारतीय शेतीधोरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही २००० नंतरच्या दीड दशकाचा हिशेब उणेच निघाला. अनुदानं धरूनसुद्धा, शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के उणे. त्या अहवालानंतर वर्षाच्या आतच, २४ फेब्रुवारी २०१९ ला, पीएम किसान सुरू झाली. गावातल्या माणसाने अहवाल वाचलेला नसतो. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, मात्र त्याच्या हातात असते. पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई कापलेली दिसते, निर्यातबंदी दिसत नाही, पण तिचा आकडा त्याला पाठ असतो.

मग 'भीक नको' म्हणणाऱ्या पिढीने हे पैसे परत केले का? नाही. करायलाही नकोत, असं माझं मत आहे. ज्याला वाटतं की हे आपलंच आहे, तो ते नाकारणार कशाला? या योजनेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज मला इथे दिसतो. घेणारा माणूस घेतो म्हणजे त्याने भावाचा हट्ट सोडला, असा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या वह्या असतात. हप्त्याची जमा एका वहीत होते, भावाची येणी दुसरीत तशीच उभी राहतात. एकीतून दुसरीत तो काही वळवत नाही.

आणि हप्त्याची वही अगदीच किरकोळ असते असंही नाही. जून महिन्यात दोन हजार रुपये रोख हातात असणं आणि नसणं यात काय फरक पडतो, हे पेरणीच्या आठवड्यात दुकानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. डीएपीची पन्नास किलोची गोणी १३५० रुपयांना, युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. दोन्ही मिळून सोळाशे सोळा रुपये पन्नास पैसे. उरलेल्या पावणेचारशे-चारशेत गाडीभाडं आणि मजुरांचा चहा. एका एकराचं पेरणीवेळचं खत निघालं. कापूसवाल्याला बीजी-२ चं पाकीट २०२५ मध्ये ९०१ रुपयांना होतं, एकराला दोन लागतात, म्हणजे एक हप्ता एका एकराचं बियाणं. हे आकडे छापील किमतीचे झाले. टंचाईत डीएपी मागायला गेलं की सोबत नॅनो खताची बाटली नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्यांचा पुडा गळ्यात मारतात, त्याला सगळीकडे लिंकिंग म्हणतात. रोख देणारा दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. उधारीवाला कुठे जाणार? त्याला दुकानदार देईल तेच वाण, देईल तीच कंपनी आणि लावील तोच भाव. दोन हजारांची खरी किंमत या ठिकाणी आहे. रक्कम छोटी असते, पण ती योग्य दिवशी आली तर एका गोणीपुरता का होईना, शेतकरी उधारीच्या बाहेर उभा राहतो.

योग्य दिवशी आली तर.

कागदावर हप्त्यांचे काळ ठरलेले आहेत: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. प्रत्यक्षात पैसे कार्यक्रमाच्या दिवशी सुटतात. चौदावा हप्ता २७ जुलै २०२३ ला राजस्थानात सीकरला बटण दाबल्यावर आला. सतरावा १८ जून २०२४ ला वाराणसीहून, तो नेमका पेरणीत सापडला. विसावा पुन्हा वाराणसीहून, २ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे एप्रिल-जुलैचा काळ उलटून गेल्यावर. आपल्याकडची खरिपाची पेरणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत उरकते. जुलैअखेर किंवा ऑगस्टात आलेल्या पैशातून खत घेता येत नाही, घेतलेल्या खताची बाकी फिटते, व्याजासह. त्या बाकीतला व्याजाचा भाग हा हप्त्याच्या उशिराचा खर्च आहे, आणि तो कुठल्याही सरकारी टिपणात येत नाही. हा उशीर टाळायला जादा पैसा लागत नाही. दरवर्षी १ जूनला जमा होईल एवढं लिहून द्यायचं आहे. नोकरदाराचा पगार एक तारखेला होतो, त्यासाठी कुणी समारंभ भरवत नाही.

लोक कंटाळतात ते मात्र रक्कम लहान असण्याला नाही. पीएम किसानच्या वर्षाच्या सहा हजारांना ३६५ ने भागलं की दिवसाचे साडेसोळा रुपये होतात, हा हिशेब विरोधकांनी २०१९ लाच मांडला होता, गावात तो ऐकून माना डोलावल्या गेल्या आणि विषय संपला. २०१९ मध्ये सत्तरीच्या आसपास असलेलं डिझेल नव्वदीला टेकलं, सहा हजार सहा हजारच राहिले, तेही लोकांनी गृहीत धरलं. टोचतं ते वेगळंच आहे: आपण शेतकरी आहोत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागणं. आधी अर्ज, सातबारा, आधार, पासबुक. मग २०२२ नंतर ई-केवायसी, जमिनीच्या नोंदीची जोडणी आणि बँक खात्याला आधार जोडणं, तिन्ही सक्तीचं. त्यात २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक. प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि ते खोटं नाही. पहिल्या वर्षी आयकर भरणाऱ्यांच्या, नोकरदारांच्या खात्यांवर पैसे गेले होते आणि मग तहसील कचेऱ्यांतून वसुलीच्या नोटिसा निघाल्या, हे सगळ्यांना आठवतं. पण चाळणी लावताना खडे निघतात तसे काही दाणेही खाली पडतात, आणि त्या दाण्यांचं पुढे काय होतं हे बघायला कुणी थांबत नाही.

कांदा काढणीच्या महिन्यात बाईच्या अंगठ्याची रेघ यंत्रावर उमटत नाही. आधारला जोडलेला मोबाईल मुलाचा, मुलगा भोसरीला कंपनीत, ओटीपी तिकडे जातो. चेहरा दाखवून केवायसी करायचं ॲप आल्यापासून हे खरोखर सोपं झालं, तेवढं श्रेय दिलं पाहिजे. मग नावाचा घोळ. आधारवर बाळासाहेब, सातबाऱ्यावर बाळू. पोर्टलवर स्थिती पाहिली तर 'लँड सीडिंग: नो' एवढे शब्द दिसतात. ते काय आहे आणि कुणाकडे जायचं, हे लिहिलेलं नसतं. तलाठी म्हणतात काम कृषीचं, कृषी सहायक म्हणतात नोंद महसूलची. तालुक्याच्या दोन कचेऱ्यांमध्ये एक अख्खा दिवस जातो, म्हणजे एक रोज बुडतो आणि एसटीचं भाडं वेगळं. सगळ्यात फसवं प्रकरण बँकेचं आहे. अर्जात जिल्हा बँकेचं खातं लिहिलेलं असतं, पण आधारावर होणारं वाटप अर्जातला खाते क्रमांक बघत नाही. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं गेलं, तिकडे पैसे वळतात. एखाद्याने मधे टपालाच्या पेमेंट बँकेत खातं काढलेलं असतं आणि विसरलेलाही असतो. पोर्टल म्हणतं पैसे गेले, पासबुक म्हणतं आले नाहीत, आणि माणूस दोघांच्या मधे उभा. अशा वेळी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायचं, तिथे बँकेचं नाव दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते माहीत असणारा माणूस प्रत्येक गावात नाही. आणि पीएम किसान अडलं की नमोचा हप्ताही अडतो, कारण राज्याची यादी केंद्राच्या यादीवरूनच होते. दोनाऐवजी चार हजार लटकतात.

पैसे खात्यावर पोचले तरी गोष्ट संपत नाही. पीककर्ज थकलेलं असेल तर काही शाखा खात्याला होल्ड लावतात. अनुदानाची रक्कम कर्जात वळती करू नका अशा सूचना वेळोवेळी निघतात, आणि वळती होतही नाही. फक्त काढता येत नाही. माणूस काचेपलीकडच्या साहेबांना विचारतो, साहेब सांगतात वरून आहे. स्वतःच्या खात्यात दिसणारे दोन हजार बघून परत येणं, याने जे वाटतं ते भाव पडल्याच्या दुःखापेक्षा वेगळं आहे. भाव पडला तर गावातल्या सगळ्यांचाच पडतो. होल्ड मात्र चारचौघांत त्याच्या एकट्याच्या नावावर लागतो.

या योजनेतली मला सगळ्यात न पटणारी अट तारखेची आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर हवी. त्यानंतर नावावर झाली असेल, तर ती फक्त मृत्यूनंतरच्या वारस नोंदीने झालेली चालते. खरेदीखत चालत नाही, बक्षीसपत्र चालत नाही, बाप हयात असताना झालेलं वाटपही चालत नाही. म्हणजे २०२१ मध्ये बापाने डोळ्यांदेखत, भांडणतंटा न होता, दोन मुलांना दोन-दोन एकर वाटून दिले, तर ती मुलं या योजनेपुरती शेतकरी होत नाहीत. वाटणी न करता बाप गेला असता, मुलं तलाठ्याकडे वारसासाठी हेलपाटे घालून नाव लावून आली असती, तर मात्र झाली असती. हप्त्यांसाठी जमिनीचे तुकडे पाडून लाभार्थी वाढू नयेत म्हणून ही अट, हे समजतं. पण अट घालून आता बरीच वर्षं झाली. तेव्हा शाळेत असलेला मुलगा आज नांगर धरतो, ठिबकच्या नळ्या पसरतो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो. गावातली सगळ्यात कष्टाची शेती आज पंचविशी-तिशीतली मुलं करत आहेत, आणि यादी मात्र म्हाताऱ्यांची आहे. या मुलांशी बोललं की कळतं, त्यांना या योजनेबद्दल चांगलं-वाईट काहीच वाटत नाही. ती त्यांच्या वडलांची गोष्ट आहे. वडलांचा फोन वाजतो आणि खताचे पैसे सुटतात, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध.

नांदेडच्या सीमेवरच्या गावांत हीच भावना वेगळ्या दिशेने गेली. शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये रयतू बंधू आली, सुरुवातीला एकरी चार हजार रुपये प्रति हंगाम, पुढे पाच. पाच एकरवाल्याला वर्षाला पन्नास हजार. धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली, तेव्हा राज्यात बरीच चर्चा झाली. त्या मागणीत प्रांताभिमान शोधण्यात अर्थ नव्हता. बांधापलीकडच्या व्याह्याच्या खात्यावर किती येतात हे दिसत होतं, आणि एकरावर ठरणारी रक्कम शेतकऱ्याला समजते, कारण त्याचा खर्चही एकरावरच ठरतो. मात्र तिथे कमाल जमिनीची अटच नव्हती. पन्नास एकरवाल्याला वर्षाला पाच लाख. आणि ती जमीन प्रत्यक्षात कसणाऱ्या कौलदाराला शून्य. ओडिशाच्या कालिया योजनेने २०१९ मध्ये भूमिहीन आणि वाट्याने करणाऱ्यांनाही यादीत घेऊन बघितलं. आपल्याकडे तो विचार कधी गंभीरपणे झाला नाही.

इथे मला बाबांच्या त्या वाक्याकडे पुन्हा बघावं लागतं. चांदवड-निफाडकडे सुरगाणा-पेठहून आलेली कुटुंबं वाट्याने कांदा करतात. जमीन आणि पाणी मालकाचं, अंगमेहनत वाटेकऱ्याची, रोप-खत-औषधाचा खर्च निम्मा-निम्मा, आलेला पैसा निम्मा-निम्मा. विदर्भात मक्त्याने, मराठवाड्यात बटईने, पद्धत थोडी इकडेतिकडे. यातलं काहीही कागदावर नसतं, आणि ते का नसतं हेही सगळ्यांना माहीत आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरवणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या दोन गोष्टी मालकाच्या घरात तीन पिढ्यांपासून भीती म्हणून सांगितल्या जातात. वहिवाट लागू नये म्हणून काही मालक दर दोन वर्षांनी वाटेकरी बदलतात. कायदा कसणाऱ्याच्या भल्यासाठी होता, त्याच्याच धाकाने आजचा कसणारा अदृश्य झाला. निर्यातबंदीत ट्रॉलीमागे तीस हजार गेले तेव्हा त्यातले पंधरा या वाटेकऱ्याचे गेले. माघारी आलेले सहा हजार मात्र सगळे सातबारावाल्याच्या खात्यात. आधी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्याने क्विंटलमागे साडेतीनशे रुपये अनुदान दिलं, तेव्हाही हेच. तिथे तर सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून पिकाची नोंद, झालेली हवी होती, आणि ती करायचा फोन मालकाचा. कुणी समजूतदार मालक अनुदानातला वाटा काढून देतो, अशीही उदाहरणं आहेत आणि ती चांगली आहेत. पण ते त्याच्या मनावर. वाटेकऱ्याला हप्त्याबद्दल काय वाटतं हे विचारायला गेलं तर तो आधी मालक जवळपास आहे का ते बघतो, आणि मग म्हणतो, "आमचं काय त्यात."

सातबाऱ्यावर नसलेलं दुसरं माणूस घरातच असतं. कांद्याची लागवड, खुरपणी, काढणी, पात कापणं, प्रतवारी ही बहुतेक बायकांची कामं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन लावायची, आणि गावच्या गावं त्यात उतरली होती. त्यानंतर सरकारी पातळीवरही पतीपत्नीच्या संयुक्त नावाचा आग्रह झाला. आजच्या योजनांचं गणित मात्र उलट्या बाजूला ओढतं, आणि ते फार कुणी मोठ्याने बोलत नाही म्हणून सविस्तर सांगते. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा असे वर्षाला बारा हजार. बायकोला लाडकी बहीणचे महिना दीड हजार, वर्षाचे अठरा हजार. घरात तीस हजार. तीच जमीन २०१९ च्या आधीपासून बायकोच्या नावावर असेल तर शेतकरी म्हणून बारा हजार तिला मिळतात, म्हणजे महिन्याला हजार. मग लाडकी बहीणमधून तिला वरचा फरक तेवढा, महिना पाचशे. वर्षाचे सहा हजार. नवऱ्याला काहीच नाही, कारण कुटुंबात एकच लाभार्थी. घरात अठरा हजार. जमीन बायकोच्या नावावर असण्याचा दंड, वर्षाला बारा हजार. पाचशे रुपयांचा हप्ता मिळणाऱ्या अशा बायका राज्यात काही लाख आहेत. शेतकरी म्हणून नाव लागलं याची किंमत त्या दर महिन्याला हजार रुपयांनी मोजत आहेत.

तलाठी कार्यालयात जमीन बायकोच्या नावावर लावायला निघालेला एखादा नवरा हे गणित ऐकून परत फिरला तर त्याला काय म्हणणार? तो लोभी नाही, त्याला हिशेब येतो. दुरुस्ती करायची तर दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही. फरकाचीच रक्कम द्यायची, ही अट लाडकी बहीणच्या राज्याने काढलेल्या शासन निर्णयात आहे. स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या बाईला शेतीचे पैसे या कपातीत धरू नयेत, एवढं एक वाक्य त्यात घालता येईल. अधिवेशन नको, केंद्राची मंजुरी नको. मंत्रालयातल्या दोन विभागांनी एका फाइलवर सह्या केल्या तर पुढच्या महिन्यापासून तिला पाचशेऐवजी दीड हजार मिळू लागतील.